गोदामाला चौकट नव्हती

कार्यशाळेच्या दुसऱ्या दिवशी मावशी हळदीकुंकवाची पुडी आणि आंब्याची डहाळी घेऊन आल्या, आणि त्यांचं काय करायचं हे आमच्यापैकी कुणालाच कळेना.

चूक खरं तर सरांची होती, किंवा कुणाचीच नव्हती. सर पुण्याकडचे. गावोगावी जाऊन साध्या माणसांना मोबाइलवर व्हिडिओ करायला शिकवायचे. शिकवताना इंग्रजी शब्द शक्यतो वापरायचे नाहीत असा त्यांचा नियम होता, म्हणून आदल्या दिवशी निघताना ते सगळ्यांना म्हणाले होते, "उद्या आपण चौकट लावायला शिकणार आहोत. वेळेवर या."

त्यांना फ्रेम म्हणायचं होतं. मावशींना दाराची चौकट ऐकू आली.

हे सगळं चालायचं ते कोल्हापुरात, मंगळवार पेठेच्या मागच्या अंगाला, एका जुन्या गुळाच्या गोदामात. बसस्टँडवर, देवळाच्या ओवरीत, पुलाखाली झोपणाऱ्या माणसांना पाठ टेकायला जागा मिळावी म्हणून एका जैन व्यापारी कुटुंबाने ते बेघर निवाऱ्यासाठी वापरायला दिलं होतं. गूळ जाऊन बरीच वर्षं झाली असतील, पण उन्हं तापली की फरशीच्या फटींतून काळ्या मुंग्यांची रांग अजून निघायची. आत प्लायवूडची भिंत घालून एका बाजूला पुरुषांच्या खाटा मांडलेल्या, दुसऱ्या बाजूला बायकांच्या. कोपऱ्यात स्वयंपाकाचा कट्टा. आणि पुढे दार म्हणून एक मोठं लोखंडी शटर.

मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. पत्रकारिता विषय घेतला होता, आणि त्या विषयासाठी आम्हाला कुठेतरी जाऊन प्रत्यक्ष काम करायचं होतं. बाकीच्या मुलांनी वर्तमानपत्रं, स्टुडिओ अशा जागा पकडल्या. मला तिथे कुणाशी कसं बोलायचं ते सुचेना, म्हणून उरलेली जागा माझ्या वाट्याला आली. सरांची मदतनीस. म्हणजे फोन चार्ज करायचे, सतरंजी घालायची, कुणाला काही समजलं नाही तर पुन्हा सांगायचं.

आम्ही कसबा बावड्याचे. वडील सीझनला साखर कारखान्यात असतात, आईच्या म्हशी आहेत. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे तिथे काय शिकवतात हे घरी समजावून सांगणं हाही माझा एक विषयच होता. कार्यशाळेचं सांगितलं तेव्हा आई धार काढता काढता म्हणाली, "ज्यास्नी घर न्हाई, त्यांनी व्हिडिओ कशाचा काढायचा गं?"

तो प्रश्न बरोबर घेऊनच मी तिथे जात राहिले.

तर मावशी, त्या निवाऱ्यातच राहणाऱ्या. वय पन्नाशीच्या पुढे असेल. अंगाने बारीक, बोलणं कमी, पण कान सगळीकडे. त्या शटरपाशी उभ्या राहून वर बघत होत्या.

"सुतार कुठाय?" त्यांनी मला विचारलं.

"कशाला सुतार?"

"चौकट लावणार म्हणलं न्हवं काल? मला वाटलं हे शटर काढून दार बसवत्यात."

खाटेवर बसलेले मामा मोठ्याने हसले. मामांनी आयुष्य ट्रकवर क्लीनर म्हणून काढलं होतं, आणि निवाऱ्यातल्या प्रत्येकाला काहीतरी बोलल्याशिवाय त्यांचा चहा जिरत नसे. "अवं बाई, फोनची चौकट म्हणत्यात ती. उद्या ते लेन्स पुसा म्हणले तर तुम्ही सारवाय घ्याल."

सगळे हसले. मावशीही हसल्या, पण पुडी तशीच मुठीत धरून. सरांना आधी काही कळेना, मग मी हळू आवाजात सांगितलं. आमच्याकडे नवीन घराला चौकट बसवतात तेव्हा तिला हळदीकुंकू लावतात, वर आंब्याची डहाळी बांधतात, नारळ फोडतात. भिंती नंतर. आधी चौकट उभी राहते, आणि त्या दिवसापासून लोक त्या जागेला घर म्हणायला लागतात. आमच्या पुढच्या खोलीची चौकट किती तरी दिवस गोणपाटात गुंडाळून भिंतीला टेकवून ठेवलेली मला आठवते. येणारा-जाणारा तिला हात लावून विचारायचा, कधी बसवणार?

सरांनी फोन लावलेला स्टँड उचलून मावशींच्या पुढे ठेवला. "आज हीच चौकट आहे आपली. हिला लावा."

मावशी मागे सरकल्या आणि पुडी माझ्या हातात दिली. "तू लाव, बाळा."

मी स्टँडच्या तिन्ही पायांना बोट लावलं. डहाळी मामांनी वर खोचली. मावशींचा नवरा वारलेला होता, म्हणून त्यांनी स्वतः हात लावला नाही, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. तोवर सरांनी शिकवायला सुरुवातही केली होती.

त्यांनी पुठ्ठ्याला चौकोनी भोकं पाडून आणली होती. प्रत्येकाने एक पुठ्ठा डोळ्यापुढे धरायचा आणि काय दिसतं ते सांगायचं. जवळ धरला की खूप दिसतं, लांब धरला की थोडंच. मला वाटलं होतं की हे मोठ्या माणसांना पोरखेळ वाटेल. पण सगळे पुठ्ठे घेऊन गोदामभर फिरायला लागले. कुणी पंख्याकडे बघतंय, कुणी एकमेकांच्या पायांकडे. एक आजी आपल्याच हाताकडे कितीतरी वेळ बघत बसल्या होत्या. मामांनी आपल्या खाटेवर पुठ्ठा रोखला.

"ह्यातनं बगितलं की लॉजवर उतरल्यागत वाटतंय," ते म्हणाले. "निस्ती खाट आन् उशी. शेजारी घोरणारं कोण हाय ते दिसतच न्हाई."

मावशी स्वयंपाकाच्या कट्ट्यापुढे उभ्या राहून पुठ्ठा थोडा डावीकडे न्यायच्या, थोडा उजवीकडे, परत पुढे सरकायच्या. कुणी घराचं माप घेतंय असंच वाटत होतं.

दुपारी मी पुठ्ठे गोळा करत होते तेव्हा त्या जवळ आल्या. "एक इचारतो," त्या म्हणाल्या. आमच्याकडे बायकाही 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात. कॉलेजात गेल्यावर मी 'येते, जाते' म्हणायला शिकले, पण निवाऱ्यात माझ्याही तोंडात पुन्हा 'येतो' यायला लागलं होतं.

"इचारा की."

"त्या चौकटीत खाटा येणार न्हाईत, असा व्हिडिओ करता येतोय का?"

मग त्यांनी सांगितलं. त्यांची एकच मुलगी. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात पॅकिंगला होती, आणि तिथेच इतर मुलींबरोबर खोली घेऊन राहायची. नवरा गेल्यावर दिराने घराला कुलूप लावलं, तेव्हापासून मावशी इकडे-तिकडे राहत निवाऱ्यात आल्या होत्या. मुलीला मात्र त्यांनी सांगितलं होतं की मंगळवार पेठेत एका घरी स्वयंपाकाला आहे, आणि मागची खोली राहायला दिली आहे.

"खरं सांगितलं तर ती खोली सोडंल, मला घेऊन दुसरीकडं ऱ्हाईल," त्या म्हणाल्या. "आन् आता तिला पावणं आल्यात."

पाहुणे म्हणजे स्थळ. मुलगा त्याच कारखान्यातला, सीमेकडच्या गावचा. त्याला आईवडील नव्हते, मोठ्या आत्याने वाढवलेला. तिला सगळे अक्का म्हणायचे. अक्काने एवढंच विचारलं होतं की मुलीची आई राहते कुठे, घर बघायला कधी यायचं. मुलगीही बरेच दिवस मागे लागली होती की आई, तुझी खोली तरी दाखव.

"न्हाई म्हणून म्हणून किती दिस म्हणायचं?" मावशी म्हणाल्या. "व्हिडिओ धाडला की बगून गप बसतील. लगीन तेवढं होऊन जाऊ दे."

मी लगेच हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. सरांना विचारते म्हणाले. सर केबल गुंडाळत होते. मी सगळं सांगितल्यावर ते थांबले.

"असं करणं चूक आहे का, सर?"

"कुठल्याही चौकटीत काहीतरी बाहेरच राहतं," ते म्हणाले. "मी पुण्यात माझ्या घरून बोलतो तेव्हा कपड्यांचा ढीग बाहेर ठेवूनच बोलतो." मग थोड्या वेळाने म्हणाले, "पण हे तसंच आहे का, मला नक्की सांगता येणार नाही. व्हिडिओ त्यांचा आहे. त्यांनी ठरवावं."

मला त्यांच्याकडून पक्कं उत्तर हवं होतं. ते नव्हतं, हे ऐकून थोडं बरंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही व्हिडिओ केला. कट्ट्यामागच्या भिंतीला निळा रंग होता. मावशींनी पिशवीतून एक नवी साडी काढली आणि कपडे वाळवायच्या दोरीवर पडद्यासारखी टाकली. त्यामागे खाटा झाकल्या गेल्या. स्टीलचे डबे पुसून ओळीने लावले. मी फोन आडवा धरून मागे-पुढे होत होते, आणि एका ठिकाणी उभी राहिल्यावर माझ्या हातातल्या चौकोनात एकदम घर दिसायला लागलं. म्हणजे डबे होते, तवा होता, पडदा होता, आणि परातीपुढे बसलेली एक बाई होती. मी फोन खाली घेतला की गोदाम दिसायचं. वर घेतला की घर. मी हे दोन-तीनदा केलं. मावशी म्हणाल्या, "काय गं, चालू व्हईना व्हय?"

"हुतंय. बोला."

त्या भाकरी थापत बोलल्या. बाळा, मी बरी हाय. ही माझी खोली. हितं पाणी येतंय. माणसं चांगली हायत. तू जेवतीस न्हवं येळंवर? एवढंच. शेवटी त्यांनी भाकरी तव्यावर टाकली आणि माझ्याकडे बघितलं, मी बोट दाबलं.

पलीकडे एक आजी तापाने झोपल्या होत्या, म्हणून आम्ही आवाज बंद करूनच तो बघितला. मावशींनी तीनदा बघितला. "ह्येच घर असतं तर," असं काही त्या म्हणतील असं मला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "भाकरी जरा जाड झाली." संध्याकाळी त्यांनी तो मुलीला पाठवून दिला.

त्या आठवड्यात बाकीच्यांचेही व्हिडिओ चालू होते. मामा शटरबाहेर उभे राहून रस्त्यावरच्या माणसांपुढे फोन धरायचे आणि विचारायचे, "पावणं, कुठलं?" कोल्हापुरात अनोळखी माणसाला हे विचारलं की तो गाव सांगतो, भावकी सांगतो, ओळख निघते, कधी चहाही होतो. एका माणसाने उलट विचारलं, "आन् तुम्ही कुठलं?" मामा म्हणाले, "मी इचारणारा." तो माणूस हसून गेला. सरांना तो तुकडा फार आवडला. मला तो बघताना दर वेळी वाटायचं की मामा खरंच कुठले, हे आम्ही कुणीच त्यांना विचारलेलं नाही. मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "हायवेचा."

मावशींच्या मुलीचा फोन आला तेव्हा आम्ही चहा घेत होतो. मावशींनी तो कानाला लावला, थोडा वेळ ऐकला आणि बंद केला.

"काय झालं?" मी विचारलं.

"शटर कसलं वाजतंय म्हणती."

आम्ही तिथेच तो व्हिडिओ लावून आवाज मोठा केला. 'ही माझी खोली' असं मावशी म्हणतात, आणि त्यांच्या मागे, साडीच्या पडद्याच्या पलीकडे, खडखडखडखड करत एक अख्खं शटर वर जातं. ते थांबतं आणि मग 'हितं पाणी येतंय' ऐकू येतं. शूट करताना तो आवाज माझ्या कानांवर पडलाच असणार. पण दिवसभरात तो इतक्यांदा व्हायचा की तो आवाज आहे हेच आम्ही विसरून गेलो होतो.

"मी गेलतो तंबाखूला," मामा म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज बारीक झाला होता.

पुढचं मावशींनी तुकड्या-तुकड्याने सांगितलं. व्हिडिओ बघून मुलीला इतका आनंद झाला की आवाजाकडे तिचं लक्षच गेलं नाही. बघा माझ्या आईची खोली, म्हणून तिने तो लगेच अक्काला पाठवला. आणि अक्काचं गावात किराणा दुकान. पहाटे शटर वर, रात्री शटर खाली, असं तिचं आयुष्य गेलेलं. तिने मुलीला फोन करून विचारलं, "राहत्या घरात शटर कसं गं?"

"आता काय करायचं?" मी म्हणाले.

मावशींनी माझ्याकडे बघितलं. "तुमच्या घराला चौकट हाय न्हवं?"

आमचं घर अक्काला मावशींचं म्हणून दाखवायचं, हे घरी कसं विचारावं याचा विचार करत बावड्यापर्यंत गेले. विचारल्यावर आई म्हणाली, "येऊ देत की. पण म्हशींचा वास येतोय म्हणून आधीच सांग." मला हायसं वाटलं, आणि त्याच वेळी काहीतरी बोचलंही. म्हणजे आता आमचं घर त्यांच्या चौकटीत जाणार, आणि आम्ही बाहेर.

तशी वेळ आली नाही. सुट्टीच्या दिवशी मुलगीच आली.

मामा नेहमीप्रमाणे शटरपाशी फोन घेऊन उभे होते. खांद्याला पर्स लावलेली एक मुलगी इकडे-तिकडे बघत येताना दिसली तसा त्यांनी फोन तिच्यापुढे धरला. "पावणं, कुठलं?"

"कागलवरनं आलोय," ती म्हणाली. "सकाळधरनं पेठंतली शटरं ऐकत हिंडतोय. त्ये शटर बी जरा खाली-वर करून दावता का?"

मामांनी शटर अर्धं खाली ओढलं, पुन्हा वर ढकललं. तिने ऐकलं. "माझी आई हितं असती का?"

मामांनी फोन खिशात घातला.

ती आत आली. खाटांमधून चालत कट्ट्यापर्यंत गेली. मावशी भांडी घासत होत्या, त्यांना ती दिसली नव्हती. मुलगी जिथे उभी राहिली ती जागा मी ओळखली. व्हिडिओ करताना मी तिथेच उभी होते. तिने तिथून निळी भिंत बघितली, डबे बघितले, दोरीवर अजून तशीच असलेली साडी बघितली.

"ही मी दिलेली साडी," ती म्हणाली. "नेसायला दिलती, आई."

मावशी हात न पुसताच उभ्या राहिल्या.

"सांगायचंस की मला."

"सांगितलं असतं तर लगीन थांबवलं असतंस."

"थांबवलंच असतं."

"मग?"

"मग काय मग. माझ्याशी तरी खरं बोलायचं असतंय." तिचा आवाज चढला तशा पलीकडच्या आजी खाटेवर उठून बसल्या. मुलीने त्यांच्याकडे बघितलं, आवाज खाली आणला आणि दोरीवरची साडी काढून घडी घालायला लागली. घडी नीट बसेना. मावशींनी दुसरं टोक धरलं. दोघींनी मिळून ती घातली, एकमेकींकडे न बघता.

मी बाहेर जावं की थांबावं हे मला कळत नव्हतं. मावशी माझ्याकडे बोट दाखवून मुलीला म्हणाल्या, "हिच्या घरात बोलवायचं ठरलंय अक्कास्नी. बावड्यात. चांगलं घर हाय."

"न्हाय," मुलगी म्हणाली. "हितंच बोलवणार."

तिने तिथल्या तिथे फोन लावला. आवाज बाहेर ऐकू येत होता. "अक्का, आई निवाऱ्यात ऱ्हातिया. ज्यास्नी घर न्हाई त्यांच्या."

पलीकडून अक्काने विचारलं, "मग शटर कशाचं?"

"गोदामाचं."

"हां. तरीच म्हणलं." मग म्हणाली, "बेस्तरवारी दुकान बंद असतंय. येतो."

येते म्हणाली, पण कशाला येते हे काही म्हणाली नाही. लग्न मोडलं असं फोनवर सांगायला संकोच वाटला म्हणून येत असेल, असं मावशींनी धरून चाललं. गुरुवारपर्यंत त्या नीट जेवल्या नाहीत. मामा त्यांना म्हणाले, "मोडायला कोण भाडं खर्चून येतंय व्हय?" मावशी म्हणाल्या, "तुम्ही बोलू नका. तुमच्या तंबाखूनं झालंय हे सगळं." मामा खरंच बोलले नाहीत. गुरुवारी मात्र सकाळपासून त्यांनी खाटांवरच्या चादरी सगळ्यांकडून ओढून ओढून सरळ करवून घेतल्या.

अक्का उंच होती, जाड काठाचं लुगडं नेसलेली. मुलगा तिच्या मागे, मान खाली. सरांनी मला विचारलं होतं की हे शूट करायचं का. मी मावशींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "चहा कर आधी." म्हणून मी कट्ट्यापाशीच होते आणि तिथूनच सगळं बघितलं.

अक्का आत आलीच नाही. बाहेर उभी राहून तिने शटरच्या बाजूची लोखंडी पट्टी बघितली, जिच्यातून ते वर-खाली सरकतं. त्यात बोट घालून फिरवलं. काळंभोर वंगण आणि धूळ निघाली.

"खाली घ्या बगू," ती मामांना म्हणाली.

मामांनी घेतलं.

"आता वर."

खडखडखडखड.

"ह्योच त्यो. ऐकलं तवाच मी म्हणलं, पट्टीत कचरा बसलाय. साफ करून नवं वंगण घाला की. सगळ्या गल्लीला जाग येत असंल."

मग ती आत आली. खाटांकडे बघितलं. पाणी कधी येतं, विचारलं. बायकांच्या बाजूला आतून कडी आहे का, विचारलं, आणि जाऊन ती लावून बघितली. मुंग्या बघून म्हणाली, "गूळ हुता व्हय हितं?" मावशी प्रत्येक गोष्टीला फक्त मान हलवत होत्या. शेवटी अक्का त्यांच्या खाटेवर बसली.

"तुमचं गाव कुठलं?"

मावशींनी गाव सांगितलं. घर सांगितलं, दिराचं कुलूप सांगितलं. इतकं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. मी चहा दिला तो अक्काने ऐकता ऐकता संपवला आणि कप पुढे केला. "अजून हाय?" मग माझ्याकडे बघून, "ही कोण?"

मामा म्हणाले, "ही आमच्यातली शिकलेली."

आमच्या घरी पाहुणे आले की वडील माझी ओळख अशीच करून देतात. मी खाली बघून चहा ओतला.

"लगीन झाल्यावर ह्या कुठं ऱ्हाणार?" अक्काने मुलीला विचारलं.

"माझ्यासंगं."

"एका खोलीत?"

तेव्हा तो मुलगा पहिल्यांदा बोलला. "दोन खोल्यांची बगतोय, अक्का."

"मला न्हाई सांगितलंस."

"शटरचं कळल्यावर बगाय लागलो."

अक्काने त्याच्याकडे बघितलं. रागावली की हसली ते मला मागून दिसलं नाही. "बगायचं चाललंय तर लवकर बग," ती म्हणाली. "तारीख धरायची हाय."

मावशींना ते लगेच कळलंच नाही. मुलीने त्यांच्या दंडाला धरून हलवलं तेव्हा त्या उठल्या आणि काहीतरी करायला हवं म्हणून पिशवी उपसायला लागल्या. त्यातून ती हळदीकुंकवाची पुडी निघाली. पाहुणी निघताना तिला कुंकू लावायचं असतं, म्हणून त्यांनी ती माझ्यापुढे धरली. मी हात पुढे केला, तर अक्का म्हणाली, "तू कप विसळ जा, बाळा."

मी कप घेतले, पण हलले नाही.

"तुम्हीच लावा की," अक्का मावशींना म्हणाली.

"मी न्हाई लावत," मावशी म्हणाल्या. "तुम्हीच घ्या लावून."

अक्काने आपलं बोट वर केलं. "माझ्या बोटाला वंगण हाय."

मावशींनी पुडी उघडली आणि अक्काच्या कपाळाला हळद लावली, कुंकू लावलं, मग मुलीला लावलं. बोटाला थोडं उरलं होतं. ते झटकावं की पुसावं असा विचार करत त्या पाहुण्यांना पोचवायला शटरपर्यंत गेल्या, आणि तिथे पोचल्यावर त्यांनी ते शटरच्या पट्टीला लावलं. एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला. कुंकू वंगणात बसलं आणि काळपट झालं.

"डहाळी वाळून गेली, बाई," मामा म्हणाले. "दुसरी आणू व्हय?"

"आणा की," मावशी म्हणाल्या.